माती करायला शिकवणारी कार्यशाळा

गच्चीवरील बागेच्या बहुतेक कार्यशाळांचा साचा आता ठरून गेला आहे. वातानुकूलित सभागृहात दोन तास पडद्यावर चित्रे दाखवली जातात, कुंडी कशी भरावी याचे एक प्रात्यक्षिक होते, आणि निघताना प्रत्येकाच्या हाती एक ग्रो-बॅग, कोकोपीटची म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची वीट, 'सेंद्रिय' असे लिहिलेली भुकटीची पिशवी आणि टोमॅटोचे एक रोप दिले जाते. त्या रोपाबरोबर छायाचित्र निघते आणि मे महिन्यापर्यंत रोप मरते. अशा कार्यशाळेत माणूस शिकतो ते मुख्यतः खरेदी करायला. कोकोपीट पाणी धरून ठेवते, पण त्यात झाडाला खायला जवळपास काहीच नसते. त्यामुळे पुढच्या महिन्यात आणखी एक भुकटी विकत घ्यावी लागते, त्यानंतर द्रवरूप खत आणि मग कीडनाशक. गेली काही वर्षे मी पुण्यात अशा कार्यशाळांना शिकण्यासाठी जात आलो आहे, आणि आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या भरवण्यातही माझा थोडा हात असतो. या सगळ्यातून माझे मत असे झाले आहे की शहरी शेतीच्या कार्यशाळेत रोपाला पहिले काही आठवडे प्रवेशच देऊ नये. आधी माती करायला शिकवावे, तीही घरातल्या ओल्या कचऱ्यापासून आणि दारातल्या पालापाचोळ्यापासून, आणि शिकणाऱ्याचे हात कोपरापर्यंत त्यात बुडतील अशा रीतीने.

या मताला महाराष्ट्रात चांगली परंपरा आहे. कोल्हापुरात गणिताचे प्राध्यापक असलेले श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी साठच्या दशकात 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या शिवारात प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात आणि त्या आपल्यासारख्याच इतरांना कळवाव्यात, अशी त्याची रीत होती. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी या रीतीने आपले उत्पादन कितीतरी वाढवले. पण दाभोलकरांचा विचार एकरांपुरता नव्हता. झाडाचे सुके वजन घेतले तर त्याचा बहुतेक भाग हवेतून आणि पाण्यातून आलेला असतो, मातीतल्या खनिजांचा वाटा थोडक्या टक्क्यांचा असतो, आणि म्हणून मोजायचे ते जमिनीचे क्षेत्रफळ नसून उन्हात पसरलेल्या पानांचे आणि जमिनीखालच्या, अन्न-पाणी शोषणाऱ्या पांढऱ्या मुळीचे, हे त्यांचे सूत्र चार फुटांच्या बाल्कनीलाही तितकेच लागू पडते.

मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी हाच धागा गच्चीवर नेला. ते मूळचे अर्थशास्त्राचे अभ्यासक. रसवंतीवाल्याकडे रोज ढिगाने फेकली जाणारी उसाची चिपाडे पिंपात आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची, वर खत आणि मातीचा जेमतेम थर द्यायचा, आणि त्यावर भाज्यांपासून फळझाडांपर्यंत सारे लावायचे, ही त्यांची पद्धत होती. त्यांच्याकडून ही पद्धत शिकून प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली. त्या स्वयंपाकघरात हजारो कामगारांचे जेवण शिजत असे, आणि भाज्यांची देठे, साली व खरकटे यांचे काय करायचे हा रोजचाच प्रश्न होता. बाग हे त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आली, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे 'अर्बन लीव्ह्ज' या नावाने त्यांनी इतरांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्या शिकवण्यात कचरा, माती आणि झाड हा क्रम टिकून राहिला.

चिपाडांचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण गच्चीवर शेती करणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावा असा तोच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक फूट उंच ओली माती भरली तर तिचे वजन सुमारे ५०० किलो होते. ज्या गच्चीवर माणसांचा वावर आहे तिच्यासाठी भारतीय मानक ८७५ मध्ये जो भार धरला आहे, तो दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. आता कोणी उत्साहाने गच्चीभर विटांचे वाफे बांधून त्यात शेतातली काळी माती ओतली, तर तो स्लॅबवर काय लादतो आहे याचा हिशोब त्यानेच करावा. चिपाडे, सुकी पाने, नारळाच्या शेंड्या, भाताचे तूस यांचे मिश्रण भिजल्यावरही मातीपेक्षा बरेच हलके राहते. शिवाय कुंड्या आणि पिंपे तुळयांच्या वर किंवा भिंतींच्या कडेने मांडली, मधला भाग मोकळा ठेवला, तर भार वाटला जातो. इमारत जुनी असेल तर अभियंत्याचे मत घ्यावे. आमच्याकडे कार्यशाळेच्या पहिल्या सत्रात एक वजनकाटा ठेवलेला असतो. एक बादली ओली माती आणि एक बादली ओली चिपाडे प्रत्येकाने स्वतः उचलून काट्यावर ठेवायची. त्यानंतर स्लॅबवरच्या भाराबद्दल कोणाला फारसे पटवावे लागत नाही.

पुढच्या सत्रात ढीग रचायला घेतात. घरच्या एकट्या डब्यात कचरा कुजतो, पण तापत नाही. ढीग तापायचा तर तो लांबी, रुंदी आणि उंचीला साधारण एक मीटर तरी हवा. वीस-पंचवीस माणसांनी आपापल्या घरून आठवड्याचा ओला कचरा आणला तर एका सकाळीच तेवढा ढीग उभा राहतो, आणि कार्यशाळा एकट्याने न करता एकत्र करण्याचे हेच पहिले ठोस कारण आहे. सुक्या पानांत नत्र (नायट्रोजन) कमी आणि कर्ब (कार्बन) जास्त, भाजीच्या देठांत उलट. दोन्ही मिळून कर्ब-नत्र गुणोत्तर पंचवीस ते तीसच्या घरात आले की जिवाणू जोमाने काम करतात. हे गणित फळ्यावर लिहिता येते, पण लोकांना लक्षात राहते ते इतकेच की एक बादली ओल्या कचऱ्याला दोन-तीन बादल्या पाचोळा लागतो. ओलावा मुठीने पाहायचा असतो. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा; धार लागली तर पाचोळा घालावा, आणि मूठ उघडताच मिश्रण भुरभुरले तर पाणी शिंपडावे. दोन-तीन दिवसांनी ढिगात हात घालायला सांगितले की माणसे तो चटकन मागे घेतात, कारण आतले तापमान तोवर पंचावन्न-साठ अंशांवर गेलेले असते. जंतू आणि तणांचे बी याच तापात मरतात.

दुसऱ्या आठवड्यात हमखास कोणीतरी घाबरून येते, कारण घरच्या डब्यात जाड, मळकट पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसलेल्या असतात. या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या असतात. ही माशी चावत नाही, जेवणावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा आश्चर्यकारक वेगाने संपवतात. त्या दिसल्या याचा अर्थ डबा जास्त ओला झाला आहे. वर पाचोळ्याचा जाड थर द्यावा, एवढेच. यावर कितीही लिहिले तरी किळस जात नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाने त्या अळ्या सहज तळहातावर घेतलेल्या पाहिल्या की ती निम्मी होते. प्रत्यक्ष हातांनी शिकण्याला पर्याय नाही असे मी म्हणतो ते मुख्यतः याच कारणासाठी. कृती पुस्तकातून मिळते, पण घाण वाटणे कमी व्हायला सोबत लागते.

पाचोळा मिळवणे अवघड नाही. तो न जाळू देणे अवघड आहे. पुण्यात फेब्रुवारीपासून रस्त्याकडेच्या झाडांची पानगळ सुरू होते आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांतून धूर निघू लागतो. ज्यांच्याकडे पाने आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत त्यांची गाठ घालून देणारा 'ब्राऊन लीफ' हा उपक्रम याच शहरात सुरू झाला, यात मला नवल वाटत नाही. आमच्या माळीकाकांना आम्ही पाने जाळू नका असे सांगत होतो, त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण पाने साठवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. कार्यशाळेतल्या मंडळींनी कोंबड्यांची जाळी वापरून चार फूट उंचीचा एक गोल पिंजरा करून दिल्यावर जाळणे आपोआप थांबले. कायद्याचीही या कामाला पाठराखण आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले, आणि पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्या आवारातच जिरवावा असे सांगितले. तरीही कित्येक संकुलांत त्यासाठी घेतलेले महागडे यंत्र बंद पडून असते आणि त्याच्या शेजारून कचऱ्याची गाडी भरून जाते.

दाभोलकरांच्या वाटेने पुढे गेलेल्या कार्यकर्त्यांनी अमृतजल आणि अमृतमाती ही पद्धत रूढ केली, आणि आम्ही तीच वापरतो. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ घालून ते तीन दिवस ठेवायचे, दिवसातून तीनदा ढवळायचे, आणि चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून वापरायचे. सुका पाचोळा या पाण्यात दिवसभर भिजवून थरांनी रचला की कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. ढवळताना आधी उजवीकडे बारा वेळा आणि मग डावीकडे बारा वेळा, असा जो आग्रह धरला जातो त्यामागे हवा खेळती ठेवण्यापलीकडे काही आहे असे मला वाटत नाही, पण मोजत ढवळले की माणूस अर्ध्यातच सोडत नाही, त्यामुळे मी वाद घालत नाही. शहरात खरी अडचण शेणाची असते. गोठे आता उपनगरांच्या कडेला गेले आहेत, आणि ताजे शेण दुचाकीवरून घेऊन येणे हा स्वतंत्र प्रशिक्षणाचा विषय आहे. ते मिळाले नाही तरी काम अडू नये. जुन्या ढिगातले दोन घमेली कच्चे खत नव्या ढिगात मिसळले तर जिवाणूंचे विरजण म्हणून ते पुरेसे होते.

ढीग दीड-दोन महिन्यांनी थंड आणि काळा होतो, त्याला पावसाने भिजलेल्या मातीचा वास येऊ लागतो. तरी तो वापरण्याजोगा झाला का हे वासावर सोडू नये. कच्च्या खतात कोवळी मुळे जळतात. खत मुरले की नाही हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या वनस्पतीचे बी पेरून पाहतात, ती म्हणजे आपली अळीव, जिचे लाडू बाळंतिणीला देतात. वाटीभर खतात चिमूटभर अळीव टाकावे. चार दिवसांत बी दाट आणि हिरवेगार उगवले तर खत तयार आहे. तुरळक उगवून पिवळे पडले तर ढीग आणखी पंधरा दिवस झाकून ठेवावा. इतक्या स्वस्त आणि खात्रीच्या चाचणीचा उल्लेखही बहुतेक कार्यशाळांत होत नाही, याचे मला वाईट वाटते.

पेरणी त्यानंतरच येते, आणि तिथे शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे उलटेपालटे होते. आमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या एक मावशी मूळच्या बीडकडच्या आहेत. कार्यशाळेत एका ताईंनी कोथिंबिरीसाठी अख्खे धने पेरायला घेतले, तेव्हा मावशी पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, असं नका टाकू. चपलेखाली रगडा आधी, दोन डाळी होऊ द्या, मग बघा कसं दाट येतं." धन्याच्या एका फळात दोन बिया असतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. त्यानंतर पेरणीचे सत्र मावशींनीच घ्यावे असे ठरले, आणि त्याचे मानधन त्यांना बाहेरच्या तज्ज्ञाइतकेच द्यावे हेही ठरले. हे दुसरे ठरायला पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, हे नोंदवायला हवे.

कोणती भाजी कुठे लावावी हे उन्हावर ठरते. पालेभाज्यांना तीन-चार तासांचे ऊन आणि सहा-आठ इंचांची खोली पुरते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना सहा तास ऊन आणि फूटभर खोली लागते. पूर्वेच्या बाल्कनीत मेथी, पालक, अंबाडी, लाल माठ होईल, पण तिथे टोमॅटोचा हट्ट धरू नये. शिकणाऱ्याने एक दिवस घरी राहून आपल्या जागेत ऊन किती वाजता येते आणि कधी जाते हे लिहून आणावे, असा गृहपाठ आम्ही देतो. तो न करणाऱ्यांचीच रोपे पुढे लांबट आणि फिकट होतात. एप्रिल-मे मध्ये हेच ऊन वैरी होते; तेव्हा पन्नास टक्क्यांची शेडनेट आणि कुंडीवर चिपाडांचे आच्छादन, एवढे केले तरी पाणी दिवसातून एकदा पुरते. चिपाडे कुजतात तशी पिंपातली पातळी दर महिन्याला खाली बसते. याची नव्या लोकांना काळजी वाटते, पण ती जागा पुन्हा स्वयंपाकघरातल्या कचऱ्याने भरण्यासाठीच असते.

किडींच्या सत्रात आम्ही फवारणी शेवटी ठेवतो. मावा आणि पिठ्या ढेकूण बहुतेक वेळा बोटांनी आणि पाण्याच्या फवाऱ्यानेच आटोक्यात येतात, फक्त पानाची खालची बाजू दर दोन दिवसांनी उलटून पाहायची सवय लागते. त्याने भागले नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क करावा, म्हणजे लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे. फवारणी संध्याकाळीच करावी, कारण उन्हात त्याचा परिणाम लवकर ओसरतो आणि सकाळी मधमाश्या फुलांवर असतात.

वेलभाज्यांनी तर कार्यशाळेचे वेळापत्रकच आम्हाला बदलायला लावले. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे नर फुलातले पराग मादी फुलावर हातानेच लावावे लागतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, त्यावरून ती ओळखू येते. मात्र दुधीची पांढरी फुले आणि दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात, तर भोपळा, कारले आणि घोसाळे यांची फुले पहाटे-सकाळी. रविवारी अकरा वाजता भरणाऱ्या वर्गात यातले एकही परागीभवन नीट दाखवता येत नाही. दुधीला भरपूर फुले येतात पण फळ गळून पडते, अशी तक्रार करणारी बहुतेक माणसे ही फुले मिटलेली असतानाच पाहत असतात. म्हणून आमचे हे सत्र आता संध्याकाळी सात वाजता असते आणि बहुतेक जण कार्यालयातून थेट गच्चीवर येतात.

यातून घर चालेल असे मात्र कोणालाही सांगू नये. कांदे, बटाटे, धान्य यांच्या वाटेला शहरातल्या गच्चीने जाऊ नये. तेवढी जागाही नाही आणि ती पिके बाजारात स्वस्त मिळतात. कढीपत्ता, मिरच्या, पालेभाज्या, गवती चहा, अळू, अंबाडी, आणि बाजारात क्वचित दिसणारी घोळ, चाकवत यांसारखी भाजी येथे परवडते. पहिल्या वर्षी हिशोब केला तर मेथीची जुडी मंडईतल्या जुडीपेक्षा महागच पडते. जो संयोजक 'तीन महिन्यांत भाजीचा खर्च शून्य' असे सांगतो, त्याच्याकडे पैसे भरण्याआधी मागच्या वर्षीच्या चार शिकणाऱ्यांच्या बागा पाहायला मागाव्यात. घरचा ओला कचरा बाहेर जाणे मात्र पहिल्याच महिन्यापासून जवळजवळ थांबते, आणि ते रोजच्या डब्यात डोळ्यांनी दिसते.

हे सारे एका दिवसात मावत नाही, म्हणून आम्ही एकदिवसीय कार्यशाळा घेणे बंद केले. आमचे वर्ष जानेवारीअखेर सुरू होते. पहिले सत्र पिंजरा बांधण्याचे आणि वजनाचे, कारण पानगळ तोंडावर आलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ढीग रचून तो पंधरवड्याला एकदा उलथायचा. एप्रिलमध्ये अळीवाची चाचणी आणि पिंपे भरणे. मे महिन्यात मुरलेले मिश्रण शेडनेटखाली ओलसर ठेवायचे आणि कुंड्यांची भोके मोकळी आहेत ना, गच्चीचा उतार आणि जलरोधक थर धड आहे ना, हे पाहून घ्यायचे, कारण पावसाळ्यात खालच्या मजल्यावर ओल उतरली की बाग बंद करा असा ठराव सोसायटीच्या पहिल्याच सभेत होतो. मृगाच्या आसपास दुधी, दोडका, घेवडा, भेंडी पेरायची, ऑगस्टमध्ये संध्याकाळचे परागीभवन, आणि दसऱ्यानंतर मेथी, पालक, मुळा, टोमॅटो. शुल्क आम्ही हप्त्यांनी घेतो. मधूनच सोडणारे असतात, सर्वांत जास्त मार्चमध्ये, जेव्हा ढीग उलथण्याचे कष्ट असतात आणि हिरवे काहीच दिसत नसते. त्यामुळे जानेवारीत आम्ही तीस जणांची नावे घेतो आणि पिंपे वीसच मागवतो.